एक्केचाळीस नंबरचं रक्त

“बोट ढिलं सोडा बाई. काडीसारखं ताठ धरलं तर थेंब येईल कुठून?”

तिच्या मागं उभी असलेली पोरगीच बोलली. “सोड ना वो पोचू ढिलं. साहेब बोट कापून घरी थोडीच नेते.”

ओळीतल्या बायका हसल्या. मीही हसलो. दुपारचे साडेबारा झाले होते, चाळीस नमुने झाले होते आणि मशीननं सकाळपासून एकदाही दगा दिला नव्हता. माझा मूड चांगला होता, हे मला नीट आठवतं. त्या दिवसाचं मला सगळंच नीट आठवतं, तीच तर पंचाईत आहे.

या गोष्टीला चौदा वर्षं झाली. मार्च संपत आला होता. यवतमाळ जिल्ह्याच्या अगदी टोकाला, जिथून टेकडी ओलांडली की तेव्हाचं आंध्र लागायचं, तिथल्या एका कोलामांच्या पोडावर आमचा कॅम्प होता. पोड म्हणजे त्यांची वस्ती. तीस-पस्तीस घरं, एक हापशी आणि एक अंगणवाडीची खोली. मी एका संशोधन प्रकल्पात कंत्राटावर लॅब टेक्निशियन होतो. काम एवढंच, की साबणाच्या वडीएवढं एक मशीन खरं बोलतं की खोटं ते ठरवायचं.

बोटाच्या एका थेंबातून ते मशीन अंगातलं हिमोग्लोबिन सांगायचं. एका मिनिटात. दोन पेन्सिल सेलवर चालायचं. जिथं वीज नाही, लॅब नाही, दवाखाना वीस किलोमीटरवर, तिथल्या नर्सच्या पिशवीत ते टाकायचं असा विचार होता. पण त्याआधी त्याची परीक्षा. म्हणून दोन टेबलं. पहिलं माझं, अंगणवाडीच्या खोलीत: बाईच्या बोटाचा थेंब घ्यायचा, पट्टीत भरायचा, आकडा वहीत लिहायचा. दुसरं मागच्या ओसरीत, कुंदा सिस्टरचं: त्याच बाईच्या दंडातून नळीभर रक्त काढायचं. ती नळी बर्फाच्या डब्यातून जिल्ह्याच्या ठिकाणी जायची, तिथल्या कपाटाएवढ्या मशीनवर. माझा आकडा आणि तिथला आकडा जुळला की माझं मशीन पास. असे साठ नमुने घ्यायचे होते.

कुंदा सिस्टर या उपकेंद्राच्या नर्स. वीस वर्षं तोच मुलूख पायी तुडवलेल्या. माझ्या मशीनला त्यांनी पहिल्याच दिवशी ‘जावई’ नाव ठेवलं. ऊन चालत नाही, धूळ चालत नाही, चाळीसच्या वर पारा गेला की रुसून बसतो, मग ओलं फडकं गुंडाळून माठाजवळ ठेवा. “एवढं तं मी माह्या खऱ्या जावयाचं नाई केलं,” असं म्हणायच्या. सकाळी आल्या आल्या पहिला प्रश्न ठरलेला: “काय म्हनते जावईबापू? बोलून रायले का तोंड फुगलंच हाय?”

नियम एकच कडक होता. माझ्या टेबलावरचा आकडा कुणालाही सांगायचा नाही. बाईला नाही, सिस्टरला नाही. प्रकल्पाच्या प्रमुख, पुण्याच्या देवस्थळी मॅडम, यांनी प्रशिक्षणात तो नियम तीनदा घोकून घेतला होता. “ज्या मशीनचीच अजून परीक्षा चालू आहे, त्याच्या शब्दावर कुणी घाबरायला नको आणि कुणी निर्धास्तही व्हायला नको. खरा आकडा पाच दिवसांनी येईल, तो सांगायचा.” म्हणून सिस्टरच्या टेबलावर बाईचं नाव, वय, गरोदर की नाही, काहीही जायचं नाही. जायची फक्त नंबरची चिठ्ठी.

तर ही एक्केचाळीस नंबरची बाई. पोचूबाई. वय तेवीस, सातवा महिना. पोरगी म्हणजे तिची नणंद, लचमी, असेल अठरा-एकोणीसची. दोघी पहाटेच मोहफुलं वेचायला रानात गेलेल्या, त्यामुळे सकाळी पोडावरच्या आशा कार्यकर्तीनं, आशाताईनं, सगळ्यांना कोलामीतून जे समजावून सांगितलं ते यांनी ऐकलंच नव्हतं. आल्या त्या सरळ ओळीत उभ्या राहिल्या; चिठ्ठी घेतली ती एकट्या पोचूबाईची. टोपली दाराबाहेर ठेवलेली, खोलीभर मोहाचा गोड, जड वास.

पोचूबाई अंगणवाडीच्या दोन पायऱ्या चढून आली होती. दोन पायऱ्या. आणि तिला धाप लागली होती.

मी बोट टोचलं. थेंब आला, पण त्याचा रंग पाहून माझा हात थबकला. काथ कमी पडलेल्या विड्याचा असतो तसा. मी पट्टी भरली, उजेडाला धरून पाहिली, आत बुडबुडा नव्हता. मशीनमध्ये सरकवली.

पाच पॉइंट दोन.

बाईच्या अंगात बारा असावं. सातच्या खाली गेलं की डॉक्टरांच्या कपाळावर आठ्या येतात. आणि ही दोन महिन्यांनी बाळंत होणार होती, तीही बहुधा घरीच, दवाखान्याच्या वाटेवरच्या नाल्याच्या अलीकडे. एकदाच मोजायचं असा नियम होता, तरी मी दुसऱ्या बोटाचा थेंब घेतला. पाच पॉइंट तीन. मी तिचा तळहात उलटा करून पाहिला. रेषा सोडा, सगळा हात भिंतीच्या चुन्याच्या रंगाचा. तिनं हात ओढून घेतला आणि पदराखाली लपवला. तिला लाज वाटली असावी.

“का झालं जी?” लचमीनं विचारलं.

“काई नाई.”

“मंग दोनदा काऊन टोचलं? बाकीच्याईले एकदाच टोचलं.”

मोठी चुणचुणीत पोरगी. मी वहीत आकडा लिहिला. नियम मला पाठ होता. पण पाच दिवस? आणि पाच दिवसांनी तरी हा आकडा या पोडावर कोण घेऊन येणार, कधी येणार? मी वाकून हळूच म्हणालो, “हिच्या आंगात रगत नाई पोरी. लय कमी हाय. हिले रगत द्या लागंल. समजलं? लवकर.”

“द्या लागंल?”

“हो. नाई तं बाळंतपनात जड जाईन.”

तिनं मान हलवली. एकदम मोठ्या बाईसारखी. मग भावजयीच्या खांद्याला धरून तिला उठवलं आणि चिठ्ठी घेऊन दोघी मागच्या दारानं ओसरीकडे गेल्या. मागून कुंदा सिस्टरचा खणखणीत आवाज आला, “एकेचाळीस नंबर! चला, एकेचाळीस नंबर, रगत द्याले या!”

मी बेचाळीस नंबरच्या बाईला म्हणालो, “बोट ढिलं सोडा.”

खरं सांगतो, त्या वेळी मला बरं वाटलं होतं. नियम मोडला, पण माणुसकीनं मोडला. संध्याकाळी जीपमध्ये बसताना मनातल्या मनात मी स्वतःची पाठही थोपटली.

पाच दिवसांनी आकडे आले. तालुक्याच्या गावात एका खोलीत आमचं ऑफिस होतं. तिथं मी दोन्ही याद्या शेजारी ठेवून टिक करत गेलो. नऊ पॉइंट एक, नऊ पॉइंट तीन. टिक. दहा, नऊ पॉइंट सात. टिक. जावई परीक्षेला बसला होता आणि पहिल्या वर्गात येत होता. एक्केचाळीसवर माझं पेन थांबलं.

माझा आकडा पाच पॉइंट दोन. जिल्ह्याचा आकडा अकरा पॉइंट चार.

मी चष्मा पुसून परत पाहिलं. अकरा पॉइंट चार. साठ बायकांत सगळ्यात चांगलं रक्त म्हणजे एक्केचाळीस नंबरचं. नळ्यांची अदलाबदल झाली असेल म्हणावं तर मग दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर पाच यायला हवं होतं. कुणाच्याच नव्हतं. बाकी एकोणसाठ जोड्या नीट जुळत होत्या. मी अर्धा तास डोकं खाजवलं. तिचा तळहात मी पाहिला होता, धाप ऐकली होती. पण समोर कागद होता, शिक्का होता आणि तिकडचं मशीन कपाटाएवढं होतं.

दुपारी मॅडमचा फोन आला.

“अरविंद, यादी बघितली. छान जुळतंय. पण एक्केचाळीसला काय झालं?”

“तेच पाहतोय मॅडम.”

“बोट पिळलं होतंस का? पिळलं की पाणी उतरतं.”

“नाही... म्हणजे, थोडंसं असेल.”

“पिळून एवढा फरक नाही पडत. सहाचा फरक आहे. मशीनच घसरलं असेल तर आपल्याला ते लिहावं लागेल. नाहीतर असं कर ना, उद्या परत जा तिथं. त्या बाईचं पुन्हा घे, दोन्ही.”

परत जा. म्हणजे आशाताई बरोबर येणार. म्हणजे लचमी सगळ्यांसमोर म्हणणार, साहेबानं तवाच सांगतलं होतं रगत नाई म्हून. म्हणजे नियम मोडल्याचं मॅडमच्या कानावर जाणार. माझं कंत्राट जूनमध्ये संपत होतं आणि ते पुढं वाढवायचं की नाही ते मॅडमच्याच हातात होतं. हे सगळं डोक्यात यायला किती वेळ लागला असेल? एक श्वास.

“मॅडम, आठवलं,” मी म्हणालो. “पट्टीत बुडबुडा होता.”

“बुडबुडा?”

“हो. हवेचा. मला तेव्हाच शंका आली होती. दुसरी पट्टी घ्यायला पाहिजे होती. गर्दी होती, राहून गेलं. माझीच चूक.”

पलीकडे त्या सुटल्यासारख्या हसल्या. “अरे मग आधी नाही का सांगायचं! तांत्रिक चूक, एक नमुना बाद. पुढच्या वेळी लक्ष ठेव.” आणि वर म्हणाल्या, “प्रामाणिकपणे सांगितलंस, बरं वाटलं.”

बुडबुडा नव्हता. मी पट्टी उजेडाला धरून पाहिली होती. दोनदा मोजलं होतं. एवढी छोटी, एवढी गरीब दिसणारी चूक मी आपणहून अंगावर घेतली, की तिच्याआड काय आहे ते कुणी पाहायलाच गेलं नाही.

तरी अजून एक दार उघडं होतं. ते कुंदा सिस्टरनी स्वतः उघडून धरलं होतं.

आठवडाभरानं त्या ऑफिसात आल्या. जिल्ह्याहून आलेले आकडे बायकांच्या कार्डांवर चढवायचे होते. चहा मागवला. त्या एकेक कार्ड काढत होत्या, मी आकडा सांगत होतो.

“एकेचाळीस. पोचूबाई टेकाम.”

“अकरा पॉइंट चार.”

त्यांनी पेन टेकवलं आणि उचललं. “अकरा? भाऊ, मले तं ती लय पांढरी वाटते. मागच्या मंगळवारी घरी गेलती मी तिच्या, धनुर्वाताची सुई द्याले. बसल्या जागी धापा टाकून रायली होती.”

“जिल्ह्याचा आकडा आहे सिस्टर.”

“ते समजलं. पन इतके वर्षं झाले, डोये आपले काई उगाच नाई सांगत.” त्यांनी बशीतला चहा संपवला. “दहाच्या खाली असती तं म्या तिले पंधरा दिवस आधीच मोठ्या दवाखान्यात नेऊन टाकली असती. घरचे नाई म्हनते तरी नेली असती. अकरावालीले कसं नेऊ? डॉक्टरसाहेब म्हनतीन, कायले खाटा भरून रायली.” मग माझ्याकडे सरळ पाहून विचारलं, “तुमच्या जावयानं काय सांगतलं होतं हिचं?”

वही माझ्या हाताखाली होती. आकडा कधीचाच पाठ झाला होता. उच्चारायचा होता फक्त.

पण मॅडमना एक सांगायचं आणि सिस्टरना दुसरं, हे कसं जमणार? दोघींची भेट महिन्यातून एकदा व्हायचीच.

“त्यात बुडबुडा होता सिस्टर,” मी म्हणालो. “त्या दिवशीचा आकडा धरण्यात अर्थ नाही.”

“बरं,” त्या म्हणाल्या. “मोठं मशीन म्हनते तं खरंच असंल.” आणि त्यांनी कार्डावर लिहिलं, ११.४, पुढं ‘ठीक’.

ते ‘ठीक’ त्यांनी लिहिलं, हात त्यांचा होता. पण त्या बाई निर्दोष होत्या. हे मी त्यांना कधी सांगू शकलो नाही. चार वर्षांपूर्वी त्या वारल्या, तेव्हा त्यांच्या घरी जाऊन आलो आणि त्यांच्या मुलीला एवढंच सांगितलं की तुझ्या आईची नजर फार तयार होती.

जूनच्या पहिल्या आठवड्यात दुसरी फेरी लागली. माझं कंत्राट वाढलं होतं. त्याच पोडावर, पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात मशीन कसं वागतं ते पाहायचं होतं. जीपमध्ये सिस्टर बाजूला बसल्या होत्या. त्या दिवशी त्यांनी जावयाची चौकशी केली नाही.

“एकेचाळीसवाली गेली,” नाला ओलांडताना त्या म्हणाल्या.

मी विचारलं, “कुठं गेली?” माझ्या तोंडून असा प्रश्न गेला, त्याची मला आजही लाज वाटते.

“कुठं म्हंजे? मेली ना भाऊ. नऊ दिवस झाले. घरीच बायंत झाली, सुईनीच्या हातानं. पोरगी झाली, चांगली हाय पोरगी. अन् मंग थोडं रगत गेलं. सुईन म्हनते, लय नाई गेलं. तुमच्या-माह्या आंगातून तेवढं गेलं असतं तं उठून चहा मांडला असता आपन. गाडी नाल्यापर्यंत येतवर थंडी पडली होती ते.” मग त्या माझ्याकडे वळल्या. “अकरा होतं ना भाऊ तिच्यात?”

मी हो म्हणालो.

अंगणवाडीची खोली तीच. मी टेबल मांडलं, माठाजवळ मशीन ठेवलं, पट्ट्यांचा डबा उघडला. हात सवयीनं चालत होते. बायका अजून जमायच्या होत्या. दारात कुणीतरी उभं राहिलं. लचमी होती. दोन महिन्यांत पोरगी बाई दिसायला लागली होती. छातीशी फडक्यात गुंडाळलेलं लेकरू.

मला वाटलं, आता ही तोंडावर विचारणार. तुले ठाऊक होतं ना? तूच सांगतलं होतं ना? तिनं मला शिव्या दिल्या असत्या, चार लोकांत उभं केलं असतं, तर आज मी ही गोष्ट लिहायला बसलोच नसतो कदाचित. पण ती आत आली आणि भिंतीला टेकून खाली बसली. आपल्या माणसाजवळ बसावं तशी.

“साहेब, एक इचारू का जी?”

“विचार ना.”

“माहं रगत कमी पडलं का?”

मला कळलं नाही. “तुझं रगत? तुझं कोणतं रगत?”

“मी देल्लं होतं ना त्या दिवशी. पोचूसाठी.”

“कुठं दिलं?”

“इथंच, मागं. तुमी म्हनलं नाई का, हिले रगत द्या लागंल म्हून? आमी मागं गेलो तं सिस्टरबाईनं आवाज देल्ला, एकेचाळीस नंबर, रगत द्याले या. पोचू उठून रायली होती. म्या म्हनलं तू बस वो खाली. तुह्याच आंगात नाई म्हनते, तू कुठून देशीन? मी देते.” तिनं लेकरू मांडीवर घेतलं आणि डाव्या हाताचं कोपर उघडून दाखवलं, जणू अजून तिथं काही दिसणार होतं. “चिठ्ठी देल्ली, हात देल्ला. भरून नळी घेतली सिस्टरबाईनं. म्या म्हनलं अजून पाह्यजे तं अजून घ्या. ते म्हने, पुरे, झालं.”

मी पट्ट्यांच्या डब्याचं झाकण लावलं आणि परत उघडलं.

तपासायला देतात त्यालाही आपण रक्त देणंच म्हणतो, आणि जीव वाचवायला देतात त्यालाही. मी तिला एक देणं सांगितलं होतं, सिस्टरनी हाक मारली होती दुसऱ्या देण्यासाठी. मधल्या दहा पावलांत तिनं दोन्ही जोडून टाकली. मी तोंड मिटून नियम पाळला असता, तर पोचूबाईच उठून गेली असती, तिचंच रक्त नळीत आलं असतं, पाच आकडा जिल्ह्याहून आला असता आणि कुंदा सिस्टरनी तिला फरपटत का होईना दवाखान्यात नेलं असतं. किंवा बोललो ते बोललो, पण नंतर बुडबुड्याचं बोललो नसतो. तरीही.

“मंग मंगळवारी सिस्टरबाई आली,” लचमी सांगत होती, “पोचूले सुई देल्ली. आमी म्हनलं हेच असंल. माहंच रगत नेऊन, साफ करून, आनलं असंल तिच्यासाठी. पोचू मले हासून म्हने, आता तुह्यासारखी बडबड कराले लागीन मी.” मग तिनं मलाच विचारलं, “तेच होतं ना जी?”

मी तिच्याकडे पाहिलं. काय सांगायचं होतं? की तुझं रक्त एका कपाटाएवढ्या मशीननं मोजलं आणि गटारात ओतून दिलं? की तू जीव लावून हात पुढं केलास, त्या हातानंच तुझी भावजय गेली? अठरा वर्षांच्या पोरीनं ते घेऊन आयुष्य कसं काढायचं? निदान एवढं तरी हिच्या अंगावर पडू नये, असं मला मनापासून वाटलं. देवाशपथ, या वेळी मला नोकरी आठवली नव्हती.

“हो,” मी म्हणालो. “तुझंच होतं. तिला दिलं.”

ती लेकराच्या तोंडावरची माशी हाकलत राहिली. मग हळूच म्हणाली, “मंग लागू नाई पडलं तिले.”

“तसं नाही गं...”

“दुसऱ्या कोनी देल्लं असतं तं वाचली असती का जी?”

मी तोंड उघडलं. त्याच वेळी सिस्टर बायकांचा घोळका घेऊन आत आल्या, आशाताई नंबरच्या चिठ्ठ्या वाटायला लागल्या, कुणाचं तरी पोर रडायला लागलं. मी पट्टीचा डबा जवळ ओढला. मनात म्हटलं, संध्याकाळी सांगू. निवांत सांगू, सगळं सांगू.

ओळ पुढं सरकत होती. सतरा नंबरला लचमी समोर आली. सिस्टरनी लेकरू तिच्याकडून घेऊन स्वतःच्या खांद्यावर टाकलं आणि मायेनं म्हणाल्या, “दे पोरी बोट. आता तूच हिची माय. तुह्या आंगात किती हाय ते पायलं पाहिजे.”

लचमीनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

“माहं नका घेऊ सिस्टरबाई,” ती म्हणाली. “माहं रगत चांगलं नाई. साहेबाले ठाऊक हाय.”

सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. ओळीतल्या बायकांनी पाहिलं. लचमीही पाहत होती, आणि तिच्या डोळ्यांत माझ्याबद्दल जराही राग नव्हता. तिच्या रक्ताचा आकडा मला तोंडपाठ होता.

मी यादीतला सतरावा नंबर खोडला आणि अठराव्या बाईला म्हणालो, “या.”